नऊ इंच बाहेरची पाटी

ता. ३ मार्च

चिरंजीव वकीलबाईस,

मामाचा आशीर्वाद, तोही घाईत, कारण पोस्टाची पेटी चारला उघडतात.

तुझ्या मामीची तब्येत ठणठणीत आहे. माझी नाही. आपल्या अंगणातली पाटी चोरीला गेली. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू म्हणशील मामा नेहमी मधूनच सुरू करतात. आमच्या वॉर्डाची निवडणूक आहे. पाच एप्रिलला मतदान. आपला कंपाउंडर उभा आहे. तोच, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं पुड्या बांधणारा, तुला लहानपणी गोळी कुटून साखरेतून द्यायचा तो. दवाखान्यासमोरचं गटार तुंबलं तेव्हा चिडून म्हणाला, "कुणीतरी उभं राहायला हवं." मी दुसऱ्याच दिवशी फॉर्म आणला, भरला आणि त्याच्या हातात पेन दिलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण फॉर्म भरण्यात मी कुणाला ऐकत नाही.

त्याच्याविरुद्ध फरशीवाला उभा आहे. त्याच्या पाट्या प्रत्येक खांबावर, रंगीत, दात दाखवणाऱ्या. कंपाउंडरची सगळ्या रस्त्यात एकच पाटी, आपल्या अंगणातली. मी स्वतः रंगवली. "कंपाउंडरला मत द्या. औषध कडू, माणूस गोड." मी त्याला शब्द दिला आहे की मतदानापर्यंत ही पाटी हलणार नाही. हळवा माणूस आहे. एवढी एक पाटीही टिकली नाही तर तो खचेल, आणि त्याला उभं मी केलं, म्हणजे पाप माझ्या माथी.

दोन्ही वेळा दुपारी, मी जेवून आडवा झालो तेव्हा. आता तू कायद्याने सांग. खांबाला वीज सोडली तर चालेल का? थोडीच. चालत नसेल तर भोवती मातीत खिळे उलटे पुरले तर? तेही नसेल तर पाटीला न वाळणारं डांबर? मी एक्केचाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली, गावच्या किल्ल्या केल्या, आणि माझ्याच अंगणातून पाटी जाते. लोक हसतील.

तू तीन वर्षांची असताना न्हाणीघरात आतून कडी लावून बसली होतीस. ती कडी मी बाहेरून काढली. आता तुझी पाळी.

तुझा मामा

ता. ७ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहून लिहिते आहे, अक्षर समजून घ्या.

वीज नाही. थोडीही नाही. खिळे नाहीत. पाटी वाचवायला माणसाला इजा होईल असं काहीही करून ठेवता येत नाही, तुम्ही जागे असा की झोपलेले. चोराने पाटी नेली तर तो पाटीचा चोर. तुम्ही त्याला झटका दिलात तर आरोपी तुम्ही, आणि मला तुमची बाजू मांडावी लागेल. डांबराबद्दल कायद्यात काही वाचलेलं आठवत नाही, पण मामी काय म्हणेल ते मला आठवतं.

काय करता येईल ते ऐका. पाटी घट्ट बसवा. फोटो काढून ठेवा. पोलिसांत साधी तक्रार द्या. चोर समोर सापडला तर ओरडा आणि पाटी धरून ठेवा. पाटी धरायची, चोराची मान नाही.

एक प्रश्न. पाटी भिंतीच्या आत आहे ना? भिंतीबाहेरची पट्टी नगरपालिकेची असते. तिथली पाटी कुणी काढली तर आपण फार बोलू शकत नाही.

तुमची भाची

ता. ११ मार्च

चिरंजीव वकीलबाईस,

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच मी खांबाची विजेची तार काढली. लावली होती हे तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतो. मनात आलं, पोस्टमनच चिकटला तर लावू नको असं सांगणारं पत्र मला कोण देणार? या विचाराने जेवण गेलं नाही. काढताना मलाच जरा झटका बसला. डाव्या हाताची करंगळी अजून वेगळं वागते.

आता कायद्याने केलं आहे. तिसरी पाटी रंगवली, आधीच्यापेक्षा अक्षर मोठं. खांबाला साखळी, साखळीला माझं सात लिव्हरचं कुलूप. हे कुलूप मी धंद्याच्या शेवटच्या वर्षी स्वतःसाठी केलं. ते माझ्याशिवाय कुणाला उघडणार नाही, आणि मलाही चष्मा लागतो.

पाटी आतच आहे. म्हणजे खांब आत आहे. वळणावरून दिसावी म्हणून पाटी जरा वाकून बाहेर बघते. नऊ इंच असेल. नऊ इंचाला कोण विचारतो.

कंपाउंडर रोज संध्याकाळी येतो, ओट्यावर बसतो. पाटी गेल्याचं सांगितलं की खाली मान घालतो. काल म्हणाला, "जाऊ दे रे. नको लावू पुन्हा. तुझी कंबर दुखते." बघ, स्वतःचं नुकसान होतंय आणि काळजी माझ्या कंबरेची. असा माणूस निवडून यायला हवा की नको?

माझा संशय समोरच्या हेडक्लार्कवर आहे. रिटायर झाल्यापासून तो खिडकीत बसून कुणाची गाडी कुठे उभी राहते ते वहीत लिहितो. जो माणूस लिहितो तो काहीही करू शकतो.

तुझा मामा

ता. १४ मार्च

वकीलबाई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो. तिसरी गेली.

कुलूप तोडलेलं नाही. ते उघडून, पाटी काढून, साखळी नीट गुंडाळून, कुलूप पुन्हा लावून खांबाला टांगलं होतं. चोरसुद्धा व्यवस्थित. सात लिव्हर, बाई.

मी तडक हेडक्लार्ककडे गेलो. दार उघडं होतं, माणूस दिसेना, म्हणून मागच्या पडवीत बघितलं. भिंतीला पाटी टेकवून ठेवलेली, उलटी, कापडाने झाकलेली. मी कापड ओढलं. इस्त्रीची फळी निघाली. मागे वळलो तर तो उभा, हातात वही.

म्हणाला, "किल्लीवाले, बसा. चहा घ्या. मग तुम्ही माझ्या पडवीत काय करत होता त्यावर बोलू."

चहा घेतला. साखर कमी होती. त्याने वेळ लिहून घेतली, तीन वाजून दहा मिनिटं.

आता हा माझ्यावर केस करू शकतो का? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुरुंगात चष्मा ठेवू देतात का?

मामा

ता. १७ मार्च

मामा,

चष्मा ठेवू देतात. पण तुम्ही तुरुंगात जाणार नाही, उद्या हेडक्लार्ककाकांकडे जाऊन माफी मागणार आहात. पाटी खरोखर त्यांच्या पडवीत असती तरी न विचारता आत शिरायचा अधिकार तुम्हाला नव्हता. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात दिसली तर पोलिसांना सांगायचं. आपण कापड ओढायचं नाही.

आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. तब्येत, कंबर, करंगळी नंतर. कुलूप तोडलेलं नाही, म्हणजे किल्लीने उघडलं. त्या कुलपाच्या किल्ल्या किती, आणि दुसरी कुणाकडे?

तुमची भाची

ता. २० मार्च

चिरंजीव वकीलबाईस,

माफी मागितली. हेडक्लार्कने माफीचीही वेळ लिहून घेतली. मग म्हणाला, "पाटी मी नेली नाही, पण तुमच्या पाटीसाठी मला वाईट वाटतं. कुणाची पाटी काढणं बरोबर नाही." माणूस मी समजत होतो तसा नाही. चहात साखरही जास्त घातली या वेळी.

किल्ल्यांचं विचारलंस. दोन आहेत. एक माझ्या कमरेला. दुसरी, माझ्या सगळ्या दुसऱ्या किल्ल्या असतात तिथे, दवाखान्यात औषधांच्या कपाटामागच्या खिळ्याला. मी बाहेर कुलूप लावून किल्ली आत विसरतो हे तुला माहीत आहे. म्हणून सगळ्या किल्ल्या कंपाउंडरकडे. तिथे त्याच्याशिवाय कुणाचा हात जात नाही. तेव्हा किल्लीचा मुद्दा निकाली निघाला, दुसरं काही सुचव.

रिकाम्या खांबावर मी कागद लावला आहे. "इथे कंपाउंडरची पाटी होती. ती तीनदा नेली. गरीब माणसाची एकच पाटी होती. नेणाऱ्याने विचार करावा." येणारे जाणारे थांबून वाचतात. पाटी कुणी एवढी वाचली नव्हती. दूधवाल्याने दोनदा वाचली.

चौथी पाटी वाळत आहे. तिला दोरी बांधून दोरीला दुकानाच्या दाराची जुनी घंटी बांधावी म्हणतो. घंटीने इजा होत नाही. कायदा काय म्हणतो?

तुझा मामा

ता. २० मार्च, दुपार

बाळे,

तुझे मामा पत्र टाकायला गेलेत तोवर मी हे लिहिते. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही म्हणतात, तर हे जाऊ देऊ नकोस.

चोर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दुपारी मी झोपत नाही, पडून असते. कंपाउंडरभाऊजी येतात, चपला हातात घेऊन. पाटी काढतात, काखेत मारतात. खिडकीत मला बघितलं की पाटी खाली ठेवून हात जोडतात, मग पुन्हा उचलतात.

मी विचारलं, "भाऊजी, हे काय?" तर रडकुंडीला आले. म्हणाले, "वहिनी, मी निवडून आलो तर मरेन. सभेत उभं राहून बोलायचं म्हटलं की मला माझं नावही आठवत नाही. मी रागात एक वाक्य बोललो आणि याने फॉर्मच आणला. आता नाही म्हटलं तर याचं मन मोडेल."

हे म्हणतात त्याचं मन मोडेल, ते म्हणतात याचं मन मोडेल. दोघं मिळून माझं डोकं मोडतायत. मी काय करू ते सांग. मी मध्ये पडले तर चाळीस वर्षांची सोबत माझ्या तोंडाने तुटेल. संध्याकाळी ओट्यावर दोन खुर्च्या दिसल्या नाहीत तर मला या घरात बरं वाटणार नाही.

मामी

ता. २३ मार्च

मामा,

घंटीला कायद्याची हरकत नाही. माझी आहे. पाटी लावूच नका. कागद आहे तो पुरे. पाटीपेक्षा माणूस मोठा, आणि कंपाउंडरकाका म्हणतायत नको, तर एकदा त्यांचं ऐका. ते का म्हणतायत तेही विचारा. घंटी नंतर.

मामी, तुझ्यासाठी याच पाकिटात वेगळी चिठ्ठी आहे. मामांनी ती उघडू नये. दुसऱ्याचं पत्र उघडणं हाही गुन्हा आहे.

तुमची भाची

ता. २७ मार्च

चिरंजीव वकीलबाईस,

चिठ्ठी उघडली नाही. उजेडात धरून बघितली, दिसलं नाही.

फक्त एक कायद्याचा प्रश्न आहे. पाटीवर ज्याचं नाव आहे त्यानेच जर पाटी नेली, तर कलम कुठलं?

मामा

ता. ३० मार्च

मामा,

कलम नाही. असलं तरी मी सांगणार नाही. काय झालं ते लिहा.

भाची

ता. १ एप्रिल

चिरंजीव वकीलबाईस,

लिहितो. चार दिवस कुणाशी बोललो नाही, म्हणून हात जड झाला आहे.

घंटी वाजली. मी उठलो, धोतर सावरलं, दार उघडलं. कंपाउंडर. पाटी काखेत, चपला हातात, दोरी पायात गुंतलेली. एका पायावर उभा, आणि हलला की घंटी वाजते म्हणून हलेना.

मी म्हणालो, "तू?"

तो म्हणाला, "आधी दोरी सोड. पडेन."

मी दोरी सोडली. गाठ माझीच, सुटायला वेळ लागला.

मग मी विचारलं, "फरशीवाल्याने सांगितलं का?"

"तुला असं वाटतं माझ्याबद्दल?"

"मग काय वाटू? माझ्या कुलपाला माझीच किल्ली लावलीस."

तो ओट्यावर बसला. पाटी मांडीवर, स्वतःचंच नाव वाचत. म्हणाला, "तू मला विचारलंस कधी? फॉर्म तू आणलास, भरलास तू, पेन तू दिलंस. मी सही केली कारण तू एवढा खूश होतास. रोज झोपताना मोजतो, कोण कोण मत देईल. जितके मोजतो तितका घाम फुटतो."

"मला सांगायचं."

"तुला सांगायचं? तू त्या दिवशी नवा सदरा घालून आला होतास."

ते खरं आहे. घातला होता.

मी म्हणालो, "जा घरी." तो गेला, पाटी ठेवून. संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओट्यावर दुसरी खुर्ची तशीच. मी ती आत घेतली, मामीने पुन्हा बाहेर ठेवली. मी त्याला खचू देणार नव्हतो, आणि पुरता खचवला तो मीच. कुलूप करणाऱ्याला दार कुठलं बंद आहे ते कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी मीच दवाखान्यात गेलो. आतल्या खोलीत औषधाच्या बाटल्या नव्या फळ्यांवर मांडलेल्या. वाकून खालून बघितलं. "औषध कडू." दुसऱ्या फळीखाली "माणूस गोड." तिन्ही पाट्या. फळ्या सरळ बसवल्या होत्या, हे मानायला हवं.

मी म्हणालो, "तुला मत देणार नाही मी. शब्द."

त्याचा चेहरा असा उजळला की लग्नातही उजळला नव्हता. रात्री ओट्यावर आला.

पण वकीलबाई, खरी अडचण आता आहे. माझा तो कागद वाचून रस्त्यातले लोक चिडले. काल हेडक्लार्कने स्वतःच्या अंगणात पाटी लावली, "कंपाउंडरला मत. ही नेऊन दाखवा." आज अकरा अंगणांत अकरा पाट्या आहेत. दूधवाल्याने सायकलला लावली आहे. मी कागद काढला तर लोक म्हणाले तोही चोरला, आणि तीन पाट्या वाढल्या. कंपाउंडरला ताप आहे. नाव मागे घ्यायची तारीख गेली. मी दुपारी, लोक झोपले असताना, त्या पाट्या काढल्या तर चालेल का?

मामा

ता. ३ एप्रिल, तार

नाही. एकही नाही. अंगण त्यांचं, पाटी त्यांची. तुम्हीच मला विचारलं होतं चोराला वीज सोडू का. भाची.

ता. ७ एप्रिल

चिरंजीव वकीलबाईस,

दोनशे बारा मतांनी आला.

मी शब्द पाळला. फरशीवाल्याला मत दिलं. आत उभा होतो तेव्हा वाटलं कुणीतरी बघतंय. बाहेर कंपाउंडर भेटला. हळूच विचारलं, "तू कुणाला?" म्हणाला, "फरशीवाल्याला. माझं नाव समोर आलं आणि हात वळेना." म्हणजे आम्ही दोघांनी जे करता येईल ते केलं. लोकांपुढे इलाज नाही.

निकाल लागल्यावर तो आमच्या न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून बसला. तुझ्यासारखा. हेडक्लार्क हार घेऊन बाहेर उभा, वहीत वेळ लिहीत. मी बाहेरून कडी काढू शकलो असतो. काढली नाही. दाराशी पाट घेऊन बसलो आणि म्हणालो, "सभेत तुझ्या मागच्या खुर्चीत मी बसेन. सुचलं नाही तर खोक."

आतून आवाज आला, "फॉर्म भरायचे असतील तर?"

म्हटलं, "ते माझ्यावर सोड."

"नको," तो म्हणाला, आणि कडी काढली.

तुझा मामा

ता. १९ जून

चिरंजीव वकीलबाईस,

मामीचा आणि ओट्यावरच्या सगळ्यांचा आशीर्वाद. सगळे म्हणजे आज सतरा.

कंपाउंडरचं बरं चाललं आहे. पहिल्या सभेत उभा राहिला, दोन मिनिटं काही बोलला नाही, मी मागून खोकलो, तर म्हणाला, "गटार." आणि बसला. सगळ्यांना एवढं छोटं भाषण आवडलं. आठवड्यात गटार मोकळं झालं. आता लोक त्याच्याकडे तक्रारी घेऊन येतात. दवाखान्यात जागा नाही, बाटल्यांनी भरला आहे, म्हणून दर गुरुवारी चार ते सहा तो आपल्या ओट्यावर बसतो. तक्रार ऐकतो, पुडी बांधावी तसा कागद घडी घालून ठेवतो. ज्याची तक्रार फार लांबते त्याला खोकल्याच्या गोळ्या देतो.

मी अभिमानाने पाचवी पाटी रंगवली. "नगरसेवक. भेट गुरुवारी. आत या." जुन्याच खांबाला, साखळी नाही, कुलूप नाही. आता कोण नेणार, असं मनात म्हणालो.

मागच्या आठवड्यात मंगळवारी नोटीस आली. पाटी भिंतीबाहेर नऊ इंच, नगरपालिकेच्या पट्टीवर, सात दिवसांत काढावी. खाली सही. ती सही मी पस्तीस वर्षं औषधाच्या चिठ्ठ्यांवर बघतो आहे.

मी विचारलं, "हे काय रे?"

म्हणाला, "फरशीवाल्याच्या बावीस पाट्या काढायला लावल्या परवा. तो म्हणाला, तुमच्या मित्राची? मी टेप घेऊन मोजली. नऊ इंच आणि वर एक सूत."

काल आला, भर दुपारी, पायात चपला घालून, बरोबर नगरपालिकेचा माणूस आणि स्क्रू ड्रायव्हर. मी जागा होतो. स्वतः काढली, कडेने पुसली, मला पोच लिहून दिली. खिडकीत मामी होती. त्याने सवयीने हात जोडले, मग आठवलं तसे खाली घेतले.

नोटिशीत लिहिलं आहे, हरकत असल्यास वॉर्डाच्या नगरसेवकाकडे मांडावी, गुरुवारी, चार ते सहा. म्हणून आज मी आतल्या खोलीतून निघून पुढच्या दाराने रस्त्यावर गेलो, वळून माझ्याच ओट्यावर आलो आणि रांगेत बसलो. अठरावा नंबर. माझ्या पुढे हेडक्लार्क होता, त्याने माझी वेळ लिहिली. नंबर आला तेव्हा कंपाउंडरने सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलला नाही. मग कागद घडी घातला आणि म्हणाला, "हरकत फेटाळली. पुढचा."

बरोबर केलं त्याने. तुला विचारून ठेवतो, अपील करता येत नसेल ना? येत असलं तरी कळवू नकोस.

आता एकच. रांगेतली माणसं आपल्या भिंतीवर बसतात, वरच्या विटा हलल्या आहेत. "भिंतीवर बसू नये" अशी एक लहान पाटी लावावी म्हणतो. पूर्ण आत. मोजायला उद्या सकाळी कंपाउंडरलाच बोलावलं आहे. टेप त्याची.

तुझा मामा